पत्ता आणि पेट्रोल

अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून परतलेल्या आईवडिलांचं एक ठरलेलं गाऱ्हाणं असतं. घर ऐसपैस, हवा स्वच्छ, नातवंडं गोड, पण दाराबाहेर पडायची सोय नाही. कोथिंबीर संपली तर मुलगा किंवा सून कामावरून येईपर्यंत थांबायचं. देऊळ लांब, वाचनालय लांब, आणि हौसेने पायी निघालं तर कोपऱ्यावर पदपथच संपतो. सहा पदरी रस्त्यापलीकडे दुकान दिसत असतं, पण ओलांडायचं कुठून? हे गाऱ्हाणं आपण एकटेपणाचं म्हणून ऐकतो आणि सोडून देतो. मला ते ऊर्जेचंही वाटतं. ज्या वस्तीत सत्तरीच्या माणसाला कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी दोन टनांची गाडी हलवावी लागते, तिथे पेट्रोल किती जळणार हे तिचा नकाशा मंजूर झाला त्याच दिवशी ठरलेलं असतं.

शहर कसं वाढतं आणि त्याच्या वाहतुकीला इंधन किती लागतं, या दोन गोष्टींचं नातं हा या लेखसंग्रहाचा विषय आहे. त्यासाठी अमेरिकाच का, असं कुणी विचारेल. एक तर हा प्रयोग तिथे पुऱ्या आकारात झाला. जमीन मुबलक, तेल स्वस्त, कर्ज सोपं आणि सरकार उत्साही, असा योग दुसऱ्या कुठल्या देशाला क्वचितच लाभला. आणि दुसरं म्हणजे हा देश आपल्या सवयींची नोंद ठेवतो. कोण घरून कुठे गेलं, कशाने गेलं, किती मैल गेलं, याची देशव्यापी पाहणी तिथे 1969 पासून होत आली आहे. त्या नोंदींतला एकच तपशील पाहा. 1969 मध्ये आठवीपर्यंतची सुमारे 48 टक्के मुलं पायी किंवा सायकलने शाळेत जात. 2009 मध्ये हे प्रमाण 13 टक्क्यांवर आलं. मुलांचे पाय तेच होते, शाळा लांब गेल्या आणि रस्ते रुंद झाले.

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि अमेरिका हादरली. पंपांवर रांगा लागल्या, काही राज्यांनी गाडीच्या क्रमांकावरून सम-विषम तारखा नेमून दिल्या, 1974 मध्ये देशभर ताशी 55 मैलांची वेगमर्यादा आली आणि 1975 च्या कायद्याने मोटार कंपन्यांवर सरासरी मायलेजचं बंधन घातलं. म्हणजे उपाय बहुतेक सगळे गाडीवर झाले. गाडीने आपला शब्द बऱ्यापैकी पाळलाही. 1975 मध्ये नव्या गाड्यांची सरासरी गॅलनमागे 13 मैल होती, 2023 मध्ये ती 27 मैल झाली. दुपटीहून जास्त. मग पेट्रोल निम्म्यावर यायला हवं होतं. 1973 मध्ये अमेरिका दिवसाला सुमारे 106 कोटी लिटर पेट्रोल जाळत होती. 2023 मध्ये सुमारे 142 कोटी लिटर.

लोकसंख्या वाढली, हे खरं. पण ती 21 कोटींवरून साडेतेहेतीस कोटींवर गेली, म्हणजे जेमतेम 1.6 पट. याच काळात देशातल्या सगळ्या वाहनांनी वर्षभरात कापलेलं अंतर 1.3 लाख कोटी मैलांवरून 3.2 लाख कोटी मैलांवर पोचलं. दर माणशी वर्षाला 6,200 मैल होते, ते साडेनऊ हजारांच्या पुढे गेले. यातला काही भाग वाढत्या मिळकतीचा आहे, काही स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीला लागल्याचा. बराच मोठा भाग मात्र घर, कचेरी, शाळा आणि दुकान एकमेकांपासून दूर गेल्याचा आहे. इंजिनाने वाचवलेलं अंतराने खाल्लं.

हे अंतर आपोआप वाढलं नाही, ते आखलं गेलं. गंमत अशी की सुरुवात मोटारीपासून झालीच नव्हती. लॉस एंजेलिसमध्ये हेन्री हंटिंग्टन यांनी 1901 मध्ये पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनी काढली आणि हजार मैलांहून अधिक लांबीचं विजेच्या रेल्वेगाड्यांचं जाळं उभं राहिलं. त्यांना नफा तिकिटांतून कमवायचा नव्हता. रूळ न्यायचे आणि रुळांकाठची आपली जमीन प्लॉट पाडून विकायची, हा खरा धंदा. प्लॉट विकले गेले, रेल्वे तोट्यात राहिली आणि 1961 मध्ये शेवटची गाडी बंद झाली. पसरलेलं शहर तेवढं मागे राहिलं. मोटारीला ते आयतं मिळालं.

पुढच्या पायऱ्या सरकारी आहेत. 1926 मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगवर, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं हे ठरवण्याच्या पालिकेच्या अधिकारावर, शिक्कामोर्तब केलं. स्वतंत्र घरांच्या भागात शिरणाऱ्या अपार्टमेंट इमारतीला त्या निकालपत्रात चक्क बांडगूळ म्हटलं आहे. 1934 मध्ये गृहकर्जाला हमी देणारी फेडरल हाऊसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आली. तिची पसंती नव्या, सुट्या, शहराबाहेरच्या घरांना आणि बंद टोकाच्या गल्ल्यांना. जुन्या दाट वस्त्यांना, त्यातही कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना, हमी नाकारली जाई. 1947 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत लेव्हिटाउन उभं राहू लागलं आणि चारेक वर्षांत तिथे सतरा हजारांहून अधिक घरं झाली. तिथेही कृष्णवर्णीयांना दार बंद होतं. मग 1956 मध्ये आयझेनहॉवर यांनी महामार्गांच्या कायद्यावर सही केली: 41,000 मैलांचं जाळं आणि खर्चाचा 90 टक्के वाटा केंद्राचा. नव्वद टक्के दुसऱ्याच्या खिशातून मिळणार असतील, तर रस्ता नको म्हणणारं राज्य विरळाच.

याचा एकत्रित परिणाम पाहायचा तर फिनिक्स पाहावं. 1950 मध्ये हे अ‍ॅरिझोनातलं लाखभर वस्तीचं आणि सुमारे 17 चौरस मैलांचं गाव होतं. 2020 च्या जनगणनेत वस्ती 16 लाख आणि क्षेत्रफळ पाचशे चौरस मैलांच्या पुढे. माणसं पंधरा पट झाली, जमीन तीस पट. नगररचनाकार अलँ बर्तो यांनी अटलांटा आणि बार्सिलोना यांची केलेली तुलना याहून बोलकी आहे. 1990 च्या सुमाराला दोन्ही शहरांची वस्ती जवळपास सारखी, पंचवीस ते अठ्ठावीस लाख. बार्सिलोनाचं बांधीव क्षेत्र 162 चौरस किलोमीटर, अटलांटाचं 4,280. आता अटलांटात बार्सिलोनासारखी मेट्रो बांधायची म्हटली तर स्टेशनं किती लागतील आणि प्रत्येक स्टेशनाच्या चालण्याच्या टप्प्यात माणसं किती असतील? गणित तिथेच थांबतं.

मराठी वाचकाला हा इतिहास वाटतो तितका परका नाही. अमेरिकेच्या 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर डॉक्टर, इंजिनिअर म्हणून गेलेली पहिली पिढी आणि नव्वदीनंतर संगणकाच्या नोकऱ्यांवर गेलेली दुसरी, दोघी याच नकाशातून चालत गेल्या आहेत. न्यू जर्सीतला क्रम तर ठरल्यासारखा आहे. नवं जोडपं जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरच्या आसपास भाड्याने राहतं. खाली इंडियन किराणा, पाच मिनिटांवर पाथ रेल्वे, तिथून थेट मॅनहॅटन. गाडी नसली तरी अडत नाही. मूल झालं, ते शाळेच्या वयाचं झालं, की एडिसनकडे किंवा त्याहून दक्षिणेला घर पाहणं सुरू होतं. शाळांचे क्रमांक पाहिले जातात, घरामागचं अंगण पाहिलं जातं, कर्जाचा हप्ता मोजला जातो. पेट्रोल, विमा, दुसरी गाडी आणि तिची दुरुस्ती यांचा हिशेब त्या कागदावर सहसा नसतो. घरविक्रीच्या धंद्यात याला एक वाक्प्रचारच आहे: ड्राइव्ह टिल यू क्वालिफाय. कर्ज परवडेल असं घर मिळेपर्यंत गाडी पुढे नेत राहा. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने म्हणूनच घर आणि प्रवास यांचा खर्च एकत्र मोजणारा निर्देशांक तयार केला. तो लावला की लांबची अनेक ‘स्वस्त’ घरं महाग निघतात.

एडिसनजवळचं मेट्रोपार्क स्टेशन या कहाणीचा मधला टप्पा आहे. 1971 मध्ये ते सुरू झालं ते नावाप्रमाणेच: महामार्गालगत या, गाडी लावा, रेल्वेने न्यूयॉर्कला जा. रोजचा लांब प्रवास रेल्वेने होतो, ही मोठीच बचत. पण स्टेशनापर्यंत गाडी लागतेच, आणि प्रवास फक्त नोकरीचा नसतो. रविवारची मराठी शाळा, भरतनाट्यमचा वर्ग, क्रिकेट, भिशी, महाराष्ट्र मंडळाचा गणपती भाड्याच्या शाळेच्या सभागृहात: सगळ्याला गाडी. मोदक कुणी करायचे यावर मंडळात दहा मिनिटं चर्चा होते, पार्किंगवर अर्धा तास. यात त्या कुटुंबांचा दोष आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. चांगली सरकारी शाळा आणि पायी जाण्याजोगी वस्ती एकाच ठिकाणी, परवडणाऱ्या किमतीत मिळू नये अशीच तिथली रचना आहे; निवड करायला वावच थोडा.

अभ्यासकांच्या दुनियेत या विषयाला धार आली 1989 मध्ये. पीटर न्यूमन आणि जेफ्री केनवर्दी या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी जगातल्या 32 शहरांची आकडेवारी जमवली आणि वस्तीची घनता व दरडोई पेट्रोल यांचा आलेख मांडला. अमेरिकन शहरांचा दरडोई वापर ऑस्ट्रेलियन शहरांच्या जवळपास दुप्पट, युरोपीय शहरांच्या चौपट आणि आशियाई शहरांच्या दहापट निघाला. ह्यूस्टन, फिनिक्स एका टोकाला, हाँगकाँग दुसऱ्या. आलेखाची खाली कोसळत जाणारी ती वक्ररेषा पुढे नगररचनेच्या वर्गावर्गांत लागली. त्याच वर्षी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले पीटर गॉर्डन आणि हॅरी रिचर्डसन तिच्यावर तुटून पडले. त्यांचं म्हणणं असं की युरोपात पेट्रोलवर जबर कर आहे, मिळकती वेगळ्या आहेत, आणि अमेरिकेत नोकऱ्याही उपनगरांत गेल्या असल्याने लोकांचे प्रवास वाटतात तितके वाढत नाहीत.

या वादात मी मूळ मांडणीच्या बाजूला आहे, पण अर्धाच. घनता हा एकच आकडा हाती घेतला की तो फसवतो. 2010 च्या जनगणनेत अमेरिकेतला सर्वांत दाट नागरी प्रदेश न्यूयॉर्कचा नव्हताच. तो लॉस एंजेलिसचा होता. न्यूयॉर्क शहर कमालीचं दाट, पण भोवतीची उपनगरं विरळ. लॉस एंजेलिस सगळीकडे सारखंच मध्यम दाट. न्यूयॉर्क शहरात निम्म्याहून अधिक घरांत गाडी नाही आणि लॉस एंजेलिस गाडीवाचून हलत नाही. दोन्हीकडची सरासरी जवळपास असूनही प्रवास निराळे. रेल्वेला माणसं एका जागी लागतात, सपाट पसरलेली उपयोगी पडत नाहीत. 2009 मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने सगळा पुरावा तपासून सांगितलं की राहत्या वस्तीची घनता दुप्पट केली तर कुटुंबाचं गाडी चालवणं 5 ते 12 टक्क्यांनी घटेल. जोडीला नोकऱ्या एकवटल्या, सार्वजनिक वाहतूक सुधारली, जमिनीचे वापर मिसळले तर ही घट 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकेल. पुढच्याच वर्षी रीड युइंग आणि रॉबर्ट सर्व्हेरो यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की घराभोवती किती दाटी आहे यापेक्षा घरापासून नोकऱ्या आणि इतर ठिकाणं किती जवळ आहेत याने जास्त फरक पडतो. माझ्या मते पत्ता महत्त्वाचा ठरतो तो इथे.

आणि पार्किंग. या विषयात शिरणाऱ्या बहुतेकांना ते किरकोळ वाटतं, मलाही प्रूफं वाचेपर्यंत या संग्रहातल्या पार्किंगच्या प्रकरणाला एवढी पानं का असा प्रश्न पडत होता. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले डोनाल्ड शूप यांनी आयुष्य त्यावर घालवलं. 2005 मध्ये त्यांचा जाडजूड ग्रंथ आला, 2025 मध्ये ते गेले. अमेरिकेतल्या पालिका प्रत्येक बांधकामाला पार्किंगची किमान संख्या नेमून देत आल्या: दुकानाला चौरस फुटांवर, उपाहारगृहाला टेबलांवर, चर्चला बसण्याच्या जागांवर. परिणामी इमारतीपेक्षा तिचं डांबरी आवार मोठं होतं, दोन इमारतींमधलं अंतर वाढतं, चालणं नकोसं होतं, आणि म्हणून आणखी गाड्या येतात. त्या जागेची किंमत भाड्यात आणि भाजीच्या दरात मिसळलेली असते, त्यामुळे गाडी नसलेलाही ती भरतो. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोने 2017 मध्ये हे बंधन शहरभर उठवलं. कॅलिफोर्नियाने 2022 च्या कायद्याने मोठ्या सार्वजनिक वाहतूक थांब्यांच्या आसपास उठवलं.

रस्ते रुंद करण्याचं काय होतं, हे ह्यूस्टनच्या कॅटी फ्रीवेने दाखवून दिलं. 2008 मध्ये 2.8 अब्ज डॉलर खर्चून तो रुंद झाला. बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी 26 पदर. काही वर्षं बरी गेली, आणि 2014 पर्यंत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. जिल दुरांतों आणि मॅथ्यू टर्नर या अर्थतज्ज्ञांनी 2011 मध्ये अमेरिकन शहरांच्या आकड्यांवरून दाखवलं की पदर जितक्या टक्क्यांनी वाढतात, जवळपास तितक्याच टक्क्यांनी गाड्यांचं अंतर वाढतं. याची मुळं याकोव्ह झहावी यांनी सत्तरच्या दशकात मांडलेल्या निरीक्षणात सापडतात: माणूस दिवसाकाठी प्रवासाला साधारण ठराविक वेळ देतो, तासाभराच्या आगेमागे. वेग मिळाला की तो वेळ वाचवत नाही, लांब राहायला जातो.

तिथे उलटी पावलंही पडली आहेत आणि त्यांतल्या काही अनपेक्षित ठिकाणी. झोनिंग नसलेलं म्हणून प्रसिद्ध असलेल्या ह्यूस्टननेच 1998 मध्ये शहराच्या आतल्या भागात घरासाठी लागणारा किमान प्लॉट 5,000 वरून 1,400 चौरस फुटांवर आणला आणि जुन्या एका घराच्या जागी तीन-चार घरं उभी राहू लागली. वॉशिंग्टनशेजारच्या आर्लिंग्टनने मेट्रो महामार्गाच्या मधोमध नेण्याचा स्वस्त पर्याय नाकारून ती जुन्या बाजाररस्त्याखालून नेली. 1979 पर्यंत रॉसलिन ते बॉल्स्टन स्टेशनं सुरू झाली, त्यांच्याभोवती उंच बांधकाम एकवटलं आणि थोडं पलीकडे बैठी घरं तशीच राहिली. मिनिआपोलिसने 2018 मध्ये एका प्लॉटवर एकच घर हा नियम काढला, तर विरोधक त्याविरुद्ध पर्यावरण कायद्याचाच आधार घेऊन न्यायालयात गेले.

कॅलिफोर्नियाची गोष्ट यातली सर्वांत मासलेवाईक. तिथल्या पर्यावरण कायद्याखाली प्रकल्पाचा वाहतुकीवरचा परिणाम मोजला जाई तो चौकात गाड्या किती सेकंद खोळंबतील यावरून. शहराच्या मध्यात, स्टेशनाजवळ इमारत बांधायची तर चौक तुंबणार, म्हणून ती पर्यावरणाला घातक. तीच इमारत शहराबाहेर माळावर बांधली तर चौक मोकळाच, म्हणून निर्दोष. 2013 च्या कायद्याने ही मोजपट्टी बदलायला लावली आणि जुलै 2020 पासून प्रकल्पामुळे गाड्यांचे एकूण मैल किती वाढतील हे मोजलं जाऊ लागलं.

विजेच्या गाड्यांनी हा सगळा प्रश्न निकालात निघेल, असं अनेकांना वाटतं. विजेची मोटार पेट्रोलच्या गाडीपेक्षा मैलामागे कितीतरी कमी ऊर्जा घेते, हे मान्य करायलाच हवं. ते नाकारणारे या विषयाचं नुकसान करतात. पण अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या गाडीचं सरासरी वय बारा वर्षांच्या पुढे गेलं आहे, म्हणजे पालट सावकाश होणार. शिवाय विजेच्या गाडीलाही तोच रस्ता, तेच पार्किंग आणि चालवायला परवाना असलेला कुणी तरी लागतो. नव्या गाडीने आजीची कोथिंबीर जवळ येत नाही.

हे सगळं मराठीत कशाला, याचं उत्तर पुण्याच्या कुठल्याही दिशेला पंधरा किलोमीटर गेलं की मिळतं. हिंजवडीत नोकऱ्या आधी गेल्या, मेट्रोचं बांधकाम मागाहून सुरू झालं. मुंबई लोकलच्या रुळांवर वाढली म्हणून तिच्या दरडोई इंधनाला मर्यादा राहिली. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर दुचाकीवर वाढली आणि आता चारचाकीवर वाढत आहेत. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत किमान पार्किंगची कोष्टकं आहेत, शूप यांनी आयुष्यभर ज्यांच्याशी भांडण मांडलं तसलीच. वर्तुळाकार रस्त्यांच्या मंजुरीच्या बातम्या आपण विकासाच्या पानावर वाचतो. त्याच पानावर पुढच्या पन्नास वर्षांच्या तेल आयातीचाही काही भाग छापलेला असतो.

लेख वाचायला घेण्यापूर्वी एककांविषयी थोडं. अमेरिकन माणूस गॅलनमागे मैल मोजतो, आपण लिटरमागे किलोमीटर. दोन्ही मापं दिशाभूल करतात. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी 2008 मध्ये हा भ्रम नेमका पकडला. वर्षाला 10,000 मैल चालणारी गाडी गॅलनमागे 10 मैलांवरून 20 वर आणली तर 500 गॅलन वाचतात. 20 वरून 40 वर आणली तर 250 च. ऐकताना दुसरी सुधारणा मोठी वाटते. शिवाय ही मापं गाडीची आहेत, ती किती मैल हाकावी लागते याबद्दल ती काहीच सांगत नाहीत. म्हणून पुढच्या सगळ्या कोष्टकांत दर माणशी, दर वर्षी, लिटर हे एकक धरलं आहे. मैलाचे 1.609 किलोमीटर केले आहेत. गॅलन सर्वत्र अमेरिकन, 3.785 लिटरचा, ब्रिटिश गॅलन 4.546 लिटरचा असतो, तेव्हा जुन्या भारतीय आकडेवारीशी ताडून पाहणाऱ्यांनी तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.